कोमट लोखंड

अंजनाने लोखंड कातणाऱ्या लेथच्या हेडवर तळहात ठेवला आणि तिचं मन एकदम थंड पडलं. लोखंड कोमट होतं.

बाहेर जानेवारीची सकाळ होती. वैनगंगेवरून उठलेलं धुकं बालाघाटच्या या टोकाच्या वस्तीपर्यंत चालत आलं होतं, आणि शेडच्या पत्र्यावरून दव थेंबाथेंबाने गळत होतं. अशा सकाळी रात्रभर उभं राहिलेलं यंत्र बोटांना चावायला हवं. हे मात्र नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं उबदार होतं.

"सकाळी चालवली का मशीन?" तिने विचारलं.

दारात उभा असलेला तरुण दचकला. लोकेश त्याचं नाव. तहसील कचेरीत बाबू होता. हे शेड आणि ही लेथ त्याच्या वडिलांची, शालिकराम मिस्त्रींची. धान कापणीच्या दिवसांत ते गेले, आणि आता यंत्र विकायला निघालं होतं.

"हौ… अर्धा घंटा असेल," तो म्हणाला.

"काहून?"

त्याची नजर जमिनीवर, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढलेले.

अंजनाला ती तऱ्हा ओळखीची वाटली. जुनं यंत्र विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी ते चालवून ठेवतात. तापलेलं लोखंड फुगतं, झिजेची फट बुजते, तेल सगळीकडे पोचतं, आणि दुखणाऱ्या बेअरिंगची घरघर घेणाऱ्याच्या कानापासून लपते. मागच्या हिवाळ्यात गोंदियाला ती अशीच फसली होती. घरी आणलेली लेथ पहिल्याच थंड सकाळी गुरगुरली आणि शेवटी भंगारात गेली. तेव्हापासून ती पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या लेथवर टर्नर होती. तिथे जेवणाच्या सुट्टीत ती जवळ येऊन बसली की पुरुषांच्या गप्पा थांबत. म्हणून ती यंत्रापाशी उभ्यानेच डबा संपवी. राजेगावला, गोंदियाच्या रस्त्यावर, तिचं स्वतःचं शेड फरशी घालून तयार उभं होतं. आत फक्त यंत्र नव्हतं. यावेळीही आपण फसलो तर पुन्हा धीर होणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"उद्या येते," ती पिशवी उचलत म्हणाली. "तवापर्यंत मशीन थंडी पाह्यजे."

"म्हणजे… उद्या सकाळी चालवायची नाई?"

"नाई."

"बिलकुलच नाई?"

त्याच्या आवाजातली भीती ऐकून तिचा संशय बळावला. "थांबा, तुमच्या भरोशावर सोडतच नाई." तिने भिंतीवरचा बोर्ड उघडला, पांढऱ्या चिनीमातीचे तिन्ही फ्यूज ओढून काढले आणि पिशवीत टाकले.

"अरे! ही तर चोरी झाली, मॅडम."

"जमानत आहे. उद्या वापस भेटन."

"आणि तुमी आल्याच नाई तर?"

"तर समजा, नापास."

"कोण? मशीन का मी?"

ती पिशवी काखेला मारून निघाली. पण राजेगावच्या बसमध्ये, प्रत्येक खड्ड्याला पिशवीतले फ्यूज किणकिणले की तिला ते वाक्य आठवे, आणि मग उगीचच ती खिडकीबाहेर पाहू लागे.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा लोकेश पायरीवर बसलेला होता. गळ्याभोवती मफलर, हातात निवलेला चहा. डोळे सुजलेले.

"झोप नाई झाली?"

"झाली ना. पण सकाळ झाली हेच समजलं नाई आज."

तिने हेडवर हात ठेवला. लोखंड गार होतं, चांगलं बोचणारं. फ्यूज बसवून तिने यंत्र सुरू केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. वेग वाढवला. कमी केला. पुन्हा वाढवला. ज्या गुरगुरण्याची ती वाट पाहत होती, ते आलं नाही. आली ती एक सलग, स्वच्छ गुणगुण, कुठेही न अडखळणारी.

तिला हायसं वाटलं. आणि लगेच थोडी लाजही.

"मशीन तर चांगली आहे तुमची," ती म्हणाली. "मंग तापवून काहून ठेवली होती?"

लोकेशने चहाचा पेला पायरीवर ठेवला. "तापवली नाई हो. मी रोजच चालवतो."

"काय बनवता?"

"काईच नाई. मले लेथ येतच नाई. फक्त बटन येते." तो हसला, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "बाबा सकाळचा च्या प्यायच्या आधी मशीन सुरू करत. लहानपणापासून त्याच आवाजानं जाग येत जाय मले. आई तर मी लहान होतो तवाच गेली… आवाज येऊन राह्यला म्हणजे बाबा आहेत. आता बटन दाबतो आणि बाहेर येऊन बसतो. वाटते, आत कोणी आहे."

धुक्यातून कुठल्याशा राइस मिलचा भोंगा वाजला. कारखान्यात सगळे घरी गेल्यावरही आपण यंत्र आणखी थोडा वेळ फिरतं का ठेवतो, हे अंजनाला कोणी कधी विचारलं नव्हतं. आज कोणी न विचारताच त्याचं उत्तर समोर येऊन बसलं होतं.

"मंग विकता काहून?"

"कारण रिकामी फिरते, हे मले समजते ना. कामाचा आवाज येगळा असते."

तिने पिशवीतून लोखंडी दांडा काढला, यंत्राच्या जबड्यात पकडला आणि धार पुढे सरकवली. गुणगुणीत एक भरीव, चरचरता सूर मिसळला. निळसर कीस कुरळा होत खाली पडू लागला.

लोकेश उठून उभा राहिला. चौकटीला हात लावून, डोळे मिटून तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत गेला. आणि धारेवरून नजर कधीही न हलवणाऱ्या अंजनाने त्या क्षणी नजर हलवली. धार सरकवणाऱ्या चाकावरचा हात किंचित जास्त फिरला. गुळगुळीत दांड्यावर एक खोल खाच उमटली.

"बिघडलं काय?" त्याने डोळे उघडले.

"हौ."

"मशीनमुळे?"

"नाई."

"मंग कोणामुळे?"

तिने यंत्र बंद केलं. "तुमच्या ऑफिसचा टाइम झाला. निघा."

खरं तर त्या सकाळीच परीक्षा संपली होती. पण पुढच्या रविवारी ती बेडची झीज पाहायला आली. यंत्राच्या लांब पाठीवरून नख फिरवत, कुठे अडतं ते चाचपत राहिली. त्याच्या पुढच्या रविवारी दांड्याचं दुसरं टोक धरणारं मागचं डोकं तपासायला. लोकेश दर वेळी चहा करी, आणि दर वेळी त्यात आलं जास्त पडे.

"आज काय राह्यलं तपासायचं?" त्याने एकदा अगदी गंभीरपणे विचारलं.

"गिअर."

"ते तर मागच्या रविवारी तपासले ना?"

"मागच्या रविवारी थंडी जास्त होती."

"मतलब, उन्हाळ्यातही एकदा पाहावे लागतीन."

"लागतीन," ती म्हणाली, आणि पेल्याआड लपली.

अशा गप्पांतून दोन एकाकी माणसं एकमेकांच्या इतकी जवळ आली की आता पुढचं पाऊल टाकायला जागाच उरली नव्हती… किंवा फक्त एकाच पावलाची उरली होती. ते लोकेशने टाकलं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मशीन हलवूच नका. हे शेड तुमचंच समजा. बोर्ड तुमच्या नावाचा लावू. मी इथं पायरीवर बसून च्या पीत जाईन… आत तुमचं काम चालू राहीन…"

अंजनाच्या मनात आनंद उसळला, आणि त्याच क्षणी त्याच्या पाठोपाठ एक गारवाही आला. तिने स्वतःला त्याच्या नजरेने पाहिलं. दाराकडे पाठ करून उभी असलेली एक आकृती. एका गेलेल्या माणसाच्या जागी, त्याच्याच यंत्रापाशी. चेहरा कुणाचाही असला तरी चालला असता.

"लोकेश," तिने पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं. "खरं सांगा. तुमाले मी पाह्यजे, का हा आवाज?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! एक शब्द पुरला असता, आणि तिने त्यावर विश्वासही ठेवला असता.

"मले… माहीत नाई, अंजना."

"राग नाई आला मले," ती म्हणाली. "पण मशीन मी नेते. मले माझं दुकान पाह्यजे. दुसऱ्याची आठवण चालवाले मी नाई आली."

टेम्पो आला त्या दिवशी लोकेशने साखळी स्वतः ओढली. लेथ उचलली गेली तशी फरशीवर तेलाचा काळा डाग आणि उखडलेले बोल्ट उघडे पडले. शेड अचानक फार मोठं दिसू लागलं. टेम्पो गोंदियाच्या रस्त्याला वळेपर्यंत अंजनाने मागे पाहिलं नाही. म्हणजे, एकदाच पाहिलं. तो रिकाम्या दारात उभा होता, आणि त्याने हात हलवला नाही.

राजेगावचं दुकान चालू लागलं. मिलचे दांडे आले, ट्रॉलीच्या पिना आल्या. "मिस्त्री कुठी गेले?" असं तिलाच विचारत येणारी माणसं झालेलं काम घेऊन, जरा ओशाळून परतू लागली. तिला हवं होतं ते सारं मिळालं होतं. पण ज्या आवाजात इतकी वर्षं तिला सोबत वाटत आली, त्याच आवाजात आता कोणीतरी ऐकत नसल्याचं ऐकू येई. रस्त्याकडेचा पळस फुलला आणि झडून गेला. लोकेश आला नाही. प्रश्न तिने विचारला होता. उत्तराची घाईही तिलाच करता येत नव्हती.

मग विजेच्या तारांच्या दुरुस्तीसाठी गावाची लाइन दिवसभर बंद राहणार, असा एक दिवस उजाडला. रस्त्यावरची चक्की मुकी झाली, वेल्डिंगवाला घरी गेला. अंजना दुकानातल्या बाकावर नुसती बसून होती. बालाघाटची बस थांबली, आणि धुळीतून एक ओळखीचा सदरा चालत आला.

ती उठली नाही.

"मशीन बंद आहे आज," ती म्हणाली.

"माहीत आहे. पेपरात वाचून रजा टाकली."

"लाइन संध्याकाळशिवाय येत नाई."

"तेही वाचलं." तो दारातच उभा होता, आत यायचं की नाही हे न ठरलेल्या पाहुण्यासारखा. "तुमी गेल्यावर शेडमध्ये जाऊन बसलो रोज. वाटलं होतं, मशीनचा आवाज आठवन. पण आठवून राह्यलं तुमचं बोलणं. मागच्या रविवारी थंडी जास्त होती म्हणे…"

ती हसली, आणि हसता हसता तिला पदराने डोळे टिपावे लागले. बाकावरचा पाना उचलून तिने खाली ठेवला. तो बसला.

"मंग, काय ऐकाले आले आज?"

"तुमाले. काईही सांगा."

काय सांगायचं? यंत्रांच्या गोंगाटावर ओरडून बोलायची तिला सवय. या शांततेत स्वतःचा आवाज तिला परका, फार हळवा वाटला. तरी तिने सुरुवात केली. पहिल्यांदा लेथला हात लावला त्या दिवसाबद्दल, आयटीआयमध्ये मुलं का हसली त्याबद्दल, मग आणखी कशाकशाबद्दल. दुपार कलली. एका जागी ती अडखळली, पुढचे शब्द शोधू लागली…

आणि डोक्यावरचा बल्ब पेटला. लाइन वेळेआधीच आली होती. समोरची चक्की पुन्हा घरघरू लागली. सवयीने अंजना उठली, बोर्डाकडे निघाली. लोकेशने मान वर करून बल्बकडे पाहिलं, मग शांत उभ्या असलेल्या आपल्या वडिलांच्या लेथकडे, मग तिच्याकडे.

"राहू द्या ना बटन," तो म्हणाला. "तुमची गोष्ट अर्धी राह्यली."