घासायला काढलेले नांगर

निर्जीव वस्तू आपण होऊन जागा सोडत नाहीत, या एका सिद्धान्तावर जगातली सगळी संग्रहालयं उभी आहेत. आमच्या संग्रहालयात सजीवही सोडत नसत. संचालक हे त्याचं ठळक उदाहरण.

वरच्या दालनात एकच वस्तू होती: शतकापूर्वीच्या एका युद्धनौकेची प्रतिकृती. पुरुषभर लांब, करडी, काडेपेटीएवढ्या बुरुजांतून तोफा रोखलेली. काचपेटीत दोन पितळी खुंटांवर ती विसावलेली असे. वस्तूंची साफसफाई माझ्याकडे. नांगरांवर हिरवट कीट चढलं होतं, म्हणून ते साखळ्यांसकट सोडवून मी घासायला नेले आणि पेटी बंद केली.

दुसऱ्या सकाळी नौकेचं नाक काचेकडे चांगलं बोटभर सरकलं होतं.

संचालकांनी त्या दालनाच्या रखवालदाराकडे पाहिलं. रखवालदार म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. त्यांचा कारखाना बंद पडल्यावर मीच शब्द टाकून त्यांना इथे चिकटवलं होतं. पुन्हा हलली तर घरी बसा, असं त्यांना बजावण्यात आलं आणि पेटीला लाखेचं सील लागलं. ताई माझ्याशी मोजकंच बोलू लागली.

सील शाबूत राहिलं. नौका मात्र आणखी सरकली.

दाजी म्हणाले, "नांगर तू काढलेस. मग ती काय तुझी परवानगी मागत बसणार?"

मी हसलो, आणि नांगर परत बसवायची परवानगी मागितली. संचालकांनी ती समितीकडे पाठवली. सील आपणच तोडावं, तर दाजींच्या निर्दोषपणाचा तेवढाच एक पुरावा होता.

साप्ताहिक सुटीच्या दुपारी आम्ही दोघं पेटीसमोर स्टुलं टाकून बसलो. चोर रंगेहाथ पकडायला संचालकही आले. दालनात कोळशाच्या धुराचा वास येत होता. विडी कधीच सोडलीय, असं दाजींनी न विचारता सांगून टाकलं. पितळी खुंटांवर थेंब साचले होते. मी काचेला तळवा लावला. आत, खोल कुठेतरी, काहीतरी धडधडत होतं.

"हात काढ," दाजी म्हणाले.

काच आतून धुरकटली.

दाजींनी माझं मनगट धरलं. संचालक उठून उभे राहिले.

धुकं खालून विरत गेलं. आधी खुंट दिसले.

खुंटांवर काही नव्हतं.

लाख अखंड होती. शेवटी संचालकांनीच ती फोडली, आत हात घालून ओल्या मखमलीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारट आहे," ते म्हणाले.

दाजींवरचा आळ लेखी मागे घेण्यात आला. साक्षीदार खुद्द संचालकच होते, त्यामुळे अडचण आली नाही. मात्र रिकाम्या दालनाला रखवालदार लागत नाही, म्हणून पुढच्या महिन्यापासून त्यांना कामावरून कमी करण्यात आलं.