दोन वर्षांचा अनुभव

कॉलेजच्या प्रिंटरजवळ त्या दिवशी झुंबड होती. शेवटचं वर्ष संपत आलं होतं आणि ज्याला त्याला नोकरीचा अर्ज छापून हवा होता. तिने ट्रेमधला गरम कागद उचलला, पहिली ओळ पाहिली, आपलाच म्हणून पिशवीत सरकवला आणि निघाली.

जिन्याच्या वळणावर मागून हाक आली.

"अहो... तो कागद माझा आहे."

तिने वळून पाहिलं. एक उंच, किडकिडीत मुलगा धापा टाकत उभा होता. नखांत माती, डोळ्यांत संकोच.

"माझाच आहे," ती म्हणाली. "वाचून दाखवू? 'लहानपणापासूनच इतरांच्या आयुष्यात सकारात्मक बदल घडवण्याची मला तीव्र ओढ आहे.'"

"'हीच ओढ मला आपल्या नामांकित संस्थेपर्यंत घेऊन आली आहे,'" त्याने पुढचं वाक्य कागदाकडे न बघता म्हणून टाकलं.

तिच्याही अर्जात पुढे हेच होतं. तिने कागद खालपर्यंत पाहिला. अर्ज एका रोपवाटिकेसाठी होता. तिचा होता तो श्रवणयंत्रांच्या कार्यशाळेसाठी.

"म्हणजे तुम्हीही एआयकडूनच...?"

"हो. म्हटलं, चांगला अर्ज लिहून दे. त्याने दिला."

"मलाही त्यानेच दिला."

"त्याला आपल्या दोघांत काहीच फरक दिसला नाही तर," तो म्हणाला.

"आणि रोपांच्या आयुष्यात तुम्ही कसला सकारात्मक बदल घडवणार होता?"

त्याने जरा विचार केला. "पाणी घालणार होतो."

ती भिंतीला टेकून इतकी हसली, की खालून येणारे लोक थांबून बघायला लागले. तोही हसला. कानांपर्यंत लाल होऊन.

तिचा अर्ज तर मेलने केव्हाच गेला होता, छापील प्रत नुसती जवळ ठेवायला हवी होती. त्याचा अजून जायचा होता. कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं बसली आणि तिने त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. झाडांचं वेड कुठून लागलं? हातून काय मेलं, काय जगलं? तो आधी अडखळला, मग बोलतच सुटला. मामाच्या गच्चीवर डब्यात लावलेली मिरची, मुळं कुजून गेलेला गुलाब, कलम बांधताना कापलेलं बोट... तिने सगळं तसंच उतरवून घेतलं.

"आता हे त्याला द्या," ती म्हणाली. "सांगा, शुद्धलेखन बघ, पाल्हाळ काप, पण पदरचं काही घालू नको. आणि कुठे अपुरं वाटलं तर मला विचार."

एआयने खरंच विचारलं. कलमं किती प्रकारची बांधता येतात, असं. तो म्हणाला, एकाच प्रकारची. तसंच लिहिलं.

"आता माझा एक नियम," तो म्हणाला. "जी ओळ समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलता येणार नाही, ती अर्जात ठेवायची नाही."

"बरं, माळीबुवा."

"आणि एक विचारू? तुम्ही बोलताना मान वळवून अगदी समोर का येता? मगाशी चहा आणताना उलटं चालत बोलत होतात."

ती ओशाळली. "बाबांना ऐकू कमी येतं. ते ओठ बघतात. घरात सगळ्यांना तीच सवय लागलीय."

"मोडू नका," तो म्हणाला, आणि एकदम कपात बघायला लागला.

आठवडाभरात रोपवाटिकेने त्याला कामावर घेतलं. ती संध्याकाळी तिकडे जाऊ लागली. हिरव्या जाळीखाली ओल्या मातीचा वास असायचा. तो रोपांच्या रांगांमधून पाइप फिरवायचा आणि ती पालथ्या कुंडीवर बसून इतर ठिकाणी करायचे अर्ज त्याला वाचून दाखवायची. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. ती त्याला माळीबुवा म्हणायची, तो तिला घाईबाई. कधी पाइपाचं पाणी चुकून तिच्या पायांवर यायचं. फार वेळा चुकून यायचं.

मात्र तिला नोकरी लागत नव्हती. महिनाअखेरीस वसतिगृहातली खोली सोडायची होती. गावी बाबांबरोबर राहणाऱ्या आत्याने एका शाळेत कारकुनाची जागा तिच्यासाठी बोलून ठेवली होती. इथे काही जमलं नाही, तर तिला तिकडेच जावं लागणार होतं. दोघं त्यावर बोलत नसत. एके दिवशी मात्र ती धावत आली.

"कार्यशाळेने बोलावलंय. परवा मुलाखत."

त्याने पाइप बंद केला, हात पँटला पुसले आणि एका कुंडीवर बसला. "चल, मी तिथली बाई. तुझा अर्ज दे."

त्याने आवाज जाड करून वाचायला सुरुवात केली. ती हसत होती. तिसऱ्या परिच्छेदाशी तो अडला.

"'श्रवणयंत्रांची देखभाल व दुरुस्ती यांचा दोन वर्षांचा अनुभव.' हे कधी केलंस?"

"कुठे आहे असं?" तिने कागद ओढून घेतला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की दोन वर्षं, घरी गेले की बाबांचं यंत्र मी साफ करते. सुरुवात इतकी छान वाटली, की... पुढे मी वाचलंच नाही. पाठवून दिला."

जाळीवरून पाण्याचे थेंब पडत होते. दोघांना ठाऊक होतं, तिला बोलावलं होतं ते बहुधा याच ओळीमुळे.

"राहू दे ना," तो हळूच म्हणाला. "एक ओळ आहे. आत गेल्यावर शिकशील. कोण विचारतंय..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तू म्हणतोस हे? नियम कुणी केला होता?"

"मीच."

"मग अर्जाबद्दल तुझं हे मत?"

"मी अर्जाबद्दल बोलत नाहीये," तो म्हणाला. मग काहीतरी आणखी म्हणणार होता... पण मालकांनी गेटवरून हाक मारली, माती उतरवायला गाडी आली होती. तो उठून गेला. जाताना एका रोपाला पाय लागला, तेही त्याला कळलं नाही.

ती तिथेच बसून राहिली. त्याने न बोललेलं सगळं तिला ऐकू आलं होतं. म्हणूनच जास्त अवघड झालं होतं. खोट्या ओळीवर इथे राहायचं, आणि मग रोज याच्या डोळ्यांत बघून बोलायचं...

तिने कुंडीवर बसूनच मोबाइलवर नवा अर्ज लिहिला. एआयला फक्त चुका दुरुस्त करायला सांगितलं, आणि या वेळी शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. 'आधीच्या अर्जात दुरुस्तीच्या अनुभवाचा उल्लेख आहे, तो खरा नाही. एआयने तो घातला आणि मी न वाचता पाठवला, ही चूक माझी. घरी असले की मी वडिलांचं यंत्र रोज साफ करते, बॅटरी बदलते, शिट्टी वाजू लागली की कानात नीट बसवून देते. दुरुस्ती मला येत नाही. शिकायची आहे.' डोळे मिटून तिने तो पाठवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'अर्ज मिळाला. ठरल्याप्रमाणे यावे.' बाकी काही नाही.

कार्यशाळेच्या बाई वयस्क होत्या. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "न वाचता पाठवलात? आमची वस्तू लोकांच्या कानात जाते, मुली. इथे न तपासता काही बाहेर जात नाही."

"म्हणूनच कळवलं," ती त्यांच्या नजरेला नजर देत म्हणाली.

बाईंनी घंटा वाजवून एका आजोबांना आत बोलावलं. नवं यंत्र मिळालेले, वैतागलेले आजोबा. "यांना हे कसं लावायचं, समजावून द्या."

ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि ओठ दिसतील असं सावकाश बोलू लागली. बाई ऐकत राहिल्या.

ती बाहेर आली, तेव्हा तो फाटकाशी उभा होता. कामावरून तसाच आलेला, चप्पल चिखलाने माखलेली.

"काय झालं?"

"दुरुस्तीच्या टेबलावर दुसऱ्याला घेतलंय. त्याला खरोखरचा अनुभव आहे."

तो खाली बघायला लागला. मग म्हणाला, "मग... कधी निघतेस?"

"सोमवारी. सकाळी." तिने मुद्दाम जरा वेळ घेतला. "इथेच यायचंय. बाईंनी पुढच्या खोलीत बसवलंय, येणाऱ्यांना यंत्र लावायला शिकवायचं. दुपारी मी दुरुस्ती शिकायची. पगार आत्याच्या शाळेपेक्षा कमी आहे."

"तू ना..." म्हणत तो हसायला लागला.

"त्या दिवशीचं अर्धं राहिलंय तुझं. ते बोल."

त्याने मान खाजवली. "काल मी त्या एआयलाच विचारलं, असं सांगतात कसं. त्याने तीन परिच्छेद दिले. 'तुझ्या सहवासात मला पूर्णत्व लाभते' वगैरे."

"मग?"

"सगळे वाचले. एकही ओळ माझी नव्हती. पुसून टाकले."

"आणि आता?"

तो तिच्याकडे बघत म्हणाला, "तू जाणार म्हटल्यापासून मला काही गोड लागत नाहीये. कुणाला कुठलं रोप दिलं तेही आठवत नाही. तू जाऊ नयेस... कधीच. एवढंच सुचलंय."

"पुरे आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिने लपवले नाहीत. "मलाही जायचं नव्हतं. नोकरी नसती मिळाली, तरी नव्हतं."

ती दोघं तशीच उभी राहिली, फाटक अडवून. आत जाणाऱ्या एका आजींना वाट द्यायला सरकली, ती एकमेकांच्या बाजूलाच.

"आता आत्याला फोन करायचाय," ती म्हणाली. "ती चिडणार. म्हणेल, कारकुनीत तुला काय काटे टोचत होते? तू शेजारी थांब."

"मी काय बोलू?"

"तू काही बोलू नकोस. नुसता थांब."

त्याने तिचा हात हातात घेतला. तिने दुसऱ्या हाताने नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, आणि ती त्याच्याकडे बघत, आत्याच्या आवाजाची वाट बघत उभी राहिली.