अहो, दगड लावला का?

शनिवारी रात्री बाबूकाकांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. जसंच्या तसं म्हणजे मला जमेल तेवढं. दहा महिन्यांच्या मुलाचा, अथर्वचा, श्वास चालू आहे ना, हे रात्रीतून चारदा उठून बघणारी बाई मी. माझ्या साक्षीला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

काम साधं होतं. रविवारी सकाळी सहाला आम्हाला माझ्या माहेरी निघायचं होतं, धामनोदला, म्हणजे मानपूरचा घाट उतरून. पुष्करने, माझ्या नवऱ्याने, दोन महिन्यांपूर्वी एक जुनी फोर-व्हील पिकअप घेतली आहे, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. निळी. शेती नाही, डोंगर नाही, परदेशीपुऱ्याच्या गल्लीत राहतो, पण हौस. तिच्या पुढच्या डाव्या चाकामागे एक्सलवर काळा रबरी बूट असतो, पेटीच्या भात्यासारखा, तो फाटला होता. आतलं ग्रीस चाकाला आतून सगळीकडे उडालेलं, आणि गाडी वळवली की टक... टक... टक. नवा बूट सोमवारी मिळणार. पुष्करचं म्हणणं, तोवर ग्रीस भरू, सायकलची ट्यूब चिरून गुंडाळू, तारेने आवळू.

बाबूकाका आमच्या शेजारचे. चाळीस वर्षं गाड्यांखाली काढली, आता गुडघे वाकत नाहीत म्हणून फक्त खुर्चीवरून हुकूम सोडतात. साडेनऊला जेवण आटोपून ते आमच्या फाटकाशी आले. गाडी उतारावर उभी होती, तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे. काकांनी दरवाज्याचा रंग नखाने थोडा खरवडला, निळ्याखालचा हिरवा पाहिला आणि खुर्ची ओढून बसले.

पुष्कर गाडीखालून बाहेर आला. "नाही जात यार माझा हात. यामिनी, तुझा हात बारीक आहे. तू खाली जा, ग्रीस दाबून भर. मी वर बसून स्टीयरिंग फिरवतो."

मी अथर्वला काकांकडे दिलं आणि ओढणी खोचली. नाही म्हणायचं मला सुचत नाही, सुचतं तेव्हा उशीर झालेला असतो. तरी विचारलं, "चाकाला दगड लावलास ना?"

"लावला ना."

"थांब सूनबाई," काका म्हणाले. आवाज चढवला नाही, पण मी खाली बसता बसता उठले. "पुष्कर भिया, तू पण इकडे ये. बैस. अभी कोई खाली नहीं जाएगा. आधी लक्ष्मणचं ऐकून घ्या."

"काका, उद्या सकाळी सहाला..."

"ऐकून घे रे. मग जा."

आम्ही पायरीवर बसलो. अथर्व माझ्या मांडीवर परत आला आणि काका सांगू लागले.

"लक्ष्मण माझ्या हाताखाली शिकलेला. हात सोन्याचा, पण आळशी, आणि आळस झाकायला खोटं बोलणारा. नट आवळला का? आवळला. तेल बघितलं का? बघितलं. पुढे स्वतःची गाडी घेतली त्याने. अशीच, फोर-व्हील, हिरवी. बायको वसुंधरा. तिचा हात बारीक. याचा पंजा घुसायचा नाही तिथे तिचा जायचा, म्हणून गाडीखाली ती, वर हा. लोक हसायचे, अरे मिस्त्री कोण आहे नक्की? ती पण हसायची. पण खाली सरकण्याआधी दर वेळी विचारायची, अहो, दगड लावला का? हा म्हणायचा, लावला."

पुष्कर हसला. काका हसले नाहीत.

"दोन हजार एकवीस. सत्तावीस नोव्हेंबर, शनिवार. धामनोदकडून लग्न आटोपून दोघं येत होते. मानपूरच्या घाटात, चढावर, एक्सलचा बूट फाटला. टक टक सुरू. रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं. तिच्या अंगावर लग्नाची साडी. ती म्हणाली, हळूहळू घरी जाऊ, सकाळी बघू. हा म्हणाला, एक्सल गेला तर तुझा बाप देणार आहे का? उतर."

काकांनी अथर्वकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हँडब्रेक त्या गाडीला कधीच नव्हता. गाडी गियरवर उभी. आता हे लक्षात ठेव, पुष्कर. तुझ्या गाडीत मोठ्या गियरशेजारी एक छोटा दांडा आहे ना, फोर-व्हीलचा? तो मधोमध आला की इंजिन आणि चाकं सुटतात. मग मोठा गियर टाकलेला असो की नसो, गाडी मोकळी. लक्ष्मणने पुढचा एक्सल हलका व्हावा म्हणून तो दांडा मध्ये ओढायचं ठरवलं. हरकत नाही, आम्ही पण करतो. पण मागे दगड पाहिजे. ती खाली सरकली. विचारलं, अहो, दगड लावला का?"

काकांनी बोटाने चाकामागची जागा दाखवली.

"थंडी होती. दगड चार पावलांवर होता, कठड्याजवळ. याने दांडा ओढला आणि म्हणाला, लावला."

अथर्वने माझा अंगठा धरला होता. मी तो सोडवला नाही.

"गाडी तिच्या छातीवरून गेली. पोलिसांना त्याने सांगितलं, दगड निसटला. सगळ्यांनी मानलं. मी पण. तेराव्याला हा सगळ्यांसमोर काय म्हणाला माहिती आहे? तिनेच नीट बघायला पाहिजे होतं. तिची आई समोर बसलेली."

"काका, हे सगळं तुम्हाला कसं..." पुष्करने विचारलं.

"दवाखान्यात तोच मला सांगून गेला. ऐक. पुढच्या वर्षी, सत्तावीस नोव्हेंबर, रविवार. हाच एकटा, त्याच घाटातून वर येत होता. गाडी तीच. बूट नवा घातलेला, माझ्याकडूनच. त्याच वळणावर... टक. टक. टक. उतरून बॅटरी मारली. बूट फाटलेला. बाहेरून घासून नाही फाटला, बरं का. आतून. कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या. ग्रीस चाकावरून ठिबकत होतं. घड्याळात अकरा वीस."

गल्लीत एक स्कूटर गेली. ती जाईपर्यंत काका थांबले.

"या वेळी घाबरला होता. छोटा दांडा दोनदा तपासला. फोर-व्हीलमध्ये, पक्का. गियर टाकला. किल्ली काढून खिशात. पण दगड... दगड कठड्याजवळ होता. तोच असेल, नसेल. तिथपर्यंत जायची हिंमत झाली नाही म्हणे. गियर आहे ना, बस. खाली सरकला. पाय चाकामागे. हात बुटात घातला."

काकांनी आपली बोटं पुढे धरली.

"ग्रीस गरम होतं."

"मग?" पुष्करने विचारलं.

"इंजिन बंद. गाडी उभी. आणि त्याच्या बोटांपाशी... टक. चाक जरासं वळलं. वर कोणीतरी स्टीयरिंग फिरवत होतं. हळू. तो फिरवायचा ना, तसंच. डावीकडे. उजवीकडे. टक... टक..."

मी गाडीच्या खिडकीकडे पाहिलं. काचेत आमच्याच बल्बचा उजेड होता.

"तो हात बाहेर काढू गेला, तेवढ्यात केबिनमध्ये खट झालं. छोटा दांडा. चाळीस वर्षं तो आवाज ऐकतोय मी, दुसऱ्या कशाचा नसतो. आणि मग वरून विचारलं. रागाने नाही. रोज विचारायची तसंच."

कोणी विचारलं नाही, काय विचारलं म्हणून.

"आणि सूनबाई, हा मूर्ख काय म्हणाला? बायको मेलेली, एवढी रात्र... सवयीने म्हणाला. लावला."

काका खुर्चीत पुढे वाकले.

"गाडी हातभरच मागे आली. मांडीवर चढली. थांबली."

"थांबली कशी? उतार होता ना?" पुष्करचा आवाज बारीक झाला होता.

"तेच. सरळ मागे गेली असती तर पाय गेले असते, जीव राहिला असता. पहाटे पाचला दुधाच्या गाडीवाल्याला सापडला. शुद्धीत. रात्रभर शुद्धीत होता. गाडी ढकलायला चार जण लागले तरी हलेना. मग बॅटरी मारून बघितलं. त्याच्या मांडीवरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावलेले. पुढून एक, मागून एक. ठोकून, घट्ट. पुढे नाही, मागे नाही. दगडांवर ग्रीसच्या बोटांचे ठसे. चार चार. बारीक." काका उठले. "दवाखान्यात तीनच दिवस जगला. शेवटी नर्स त्याला काहीही विचारायला आली, की म्हणायचा, नाही लावला, नाही लावला. दुखतं का? नाही लावला. पाणी? नाही लावला. कोणी ऐकलं नाही. आता ऐकून काय?"

जाताना त्यांनी पुष्करच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी कुठून घेतलीस ते मी विचारत नाही. उद्या बसने जा."

फाटक लागलं. पुष्कर लगेच हसला, जरा जास्तच मोठ्याने. "काका पण ना. खोटं आहे सगळं. चल, दहा मिनिटांचं काम आहे."

"तू दगड लावलास?"

"यामिनी, लावला म्हणालो ना."

एरवी मी मान्य केलं असतं. मला स्वतःवरच भरवसा नसतो, तर दुसऱ्यावर संशय कुठून घेऊ? पण त्या रात्री अथर्वला कडेवर घेतलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि उतारावर जाऊन वाकले.

दगड होता.

"बघ," मी म्हणाले, आणि इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "लावलायस की. उगाच घाबरवलं काकांनी."

मी वळून पाहिलं. पुष्कर पायरीवरच उभा होता.

"मी नाही लावला," तो म्हणाला. "शप्पथ. खोटं बोललो मी. या गल्लीत दगड आहे तरी कुठे?"

मी पुन्हा वाकले. पुढच्या डाव्या चाकाला, मागून एक. पुढून एक. काळे, घाटातले असतात तसे. ठोकून बसवलेले. दोन्हींवर ग्रीसची चार चार बोटं.

मी माझा हात त्यावर धरून पाहिला. माझा मोठा होता.

ग्रीस अजून गरम होतं.