परदेशातल्या मुलाचं नाव

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्यासोबत घडली आहे. आणि रात्री नाही, भर दुपारी.

मी शाळेत शिकवते. निदान पगार तरी त्याचाच मिळतो. बाकी वर्षभर दारोदार फिरून मतदार तपासायचे. कोण राहतं, कोण गेलं, विचारत बसायचं. त्या दुपारी गल्लीतलं शेवटचं घर उरलं होतं. यादीत तिथे बाप-लेकाची दोन नावं होती, मुलगा परदेशात असल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं होतं.

बेल वाजलीच नाही. दार ढकललं, तर उघडं होतं.

खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पंखा बंद. मी घामाने निथळत होते, त्यांच्या अंगावर थेंब नव्हता...

"काका, मुलगा परदेशात असतो ना?"

"त्याचं नाव काढा."

"अहो, तिकडचं नागरिकत्व घेतलं नसेल तर नाव इथे राहू शकतं. फक्त मतदानाला स्वतः यावं लागतं."

"घेतलंय. तो तिकडचाच झालाय. काढा. माझं राहू द्या, मी इथंच असतो."

बापच सांगतोय म्हटल्यावर मी कशाला खोलात जाऊ? पायाचे तुकडे पडले होते. तसाच अहवाल दिला, नाव गेलं.

निघताना मात्र लक्षात आलं...

फरशीवर धुळीचा थर होता. पावलं फक्त माझी उमटली होती.

एकटा माणूस, झाडणार कोण, अशी मी मनाची समजूत घातली.

मतदानाच्या आदल्या दिवशी त्या काकांचा मुलगा शाळेत हजर. बॅग अजून खांद्याला.

"बाई, माझं नाव कुणी काढलं?"

"तुमच्या वडिलांनी सांगितलं, तुम्ही तिकडचे नागरिक झालात."

"मला कोण घेतंय तिकडे?" तो कडवट हसला. "इतकी वर्षं राबतोय, तरी परकाच. मतबित काही नाही. माझं म्हणून नाव होतं ते इथल्या यादीत, एवढंच."

मग तो एकदम थांबला.

"बाई... बाबा जाऊन दोन वर्षं झाली. घराला कुलूप मीच लावून गेलो होतो."

मला रागच आला. हा मला खोटं पाडतोय? तशीच उठले आणि त्याच्यासोबत गेले.

कुलूप जागेवर होतं. गंजलेलं. त्याने खटपट करून काढलं, दार ढकललं.

हललं नाही.

आतून कडी होती...

त्याने दार वाजवलं. आत खुर्ची सरकली. पाय घासत कुणीतरी दाराशी आलं.

"कोण?"

आवाज तोच. मी ओळखला. त्यानेही ओळखला, कारण त्याने दोन्ही तळवे दारावर टेकवले.

"बाबा, मी आलोय. मत द्यायला. दार उघडा ना."



"तो इथं राहत नाही," आतून शांतपणे उत्तर आलं. "बाईंना विचारा. त्यांनी तपासलंय."

तो माझ्याकडे वळला. मला मान वर करता आली नाही.

मत न देताच तो परत गेला. मेलेल्या बापाचं नाव यादीत आहे, जिवंत मुलाचं नाही. आता वडिलांचं नाव मलाच काढायचं आहे. त्यासाठी घरी जाऊन खात्री करावी लागते.

मी अजून गेलेले नाही.