लाकूड बुडेपर्यंत

दिवा जरा इकडे ओढून घेते, तुम्ही बसा. ऐकून हसलात तरी चालेल. आमची सूनबाईही आधी हसलीच होती.

यांची वाचा गेली होती. सकाळी तळ्याकाठी फिरायला गेले आणि तिथेच कोसळले. हातपाय हळूहळू सावरले, पण तोंडून शब्द म्हणून फुटेना. डॉक्टर म्हणाले, मन रमू द्या. म्हणून मुलाने माशांसाठी काचेची टाकी आणली, आणि तिच्यात शोभेला त्याच तळ्याकाठचं एक वाळकं, वेडंवाकडं लाकूड उचलून आणलं. मी माझ्या परीने नेम धरला होता. आंघोळीपासून सांजेचा दिवा लागेपर्यंत मौन. माझे शब्द घे देवा, यांचे परत दे.

लाकूड तसंच टाकलं तर टाकीतलं पाणी नासतं. साल खरवडायची, घासायचं, उकळायचं, चहासारखं झालेलं पाणी फेकून पुन्हा उकळायचं. पाणी नितळ राहिलं आणि लाकूड आपल्या वजनाने तळाला गेलं, की झालं. आमचं मेलं तरंगतच होतं. म्हणून पातेल्याच्या झाकणावर मी वरवंटा ठेवला होता.

त्या दिवशी सूनबाई कामावर निघताना स्वयंपाकघरात डोकावली. "आई, अजून शिजलं नाही? मीठ टाकून बघा!"

मी झारा उगारला.

"जाते, जाते. बाबा बाहेर खुर्चीत बसलेत. दार ओढून घेते, त्यांच्या अंगावर वाफ नको."

दुपारी पाणी बदलावं म्हणून उठले, तर दार हलेना. वाफेने फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. ओढलं, झाऱ्याच्या दांड्याने ठोकलं. खिडकीला गज. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. ओल्या पाचोळ्याचा वास कोंडला होता, आणि त्यात... यांच्या दाढीच्या साबणाचा.

गॅस बंद केला. पाण्याची खळखळ थांबली. तरी झाकण आतून वाजत राहिलं. टक... टक...

"अगं... ऐकतेस का?"

यांचा आवाज! किती महिन्यांनी! मी धावत दाराला कान लावला. बाहेर सगळं शांत.

"तिकडे नाही... इकडे. ओ दे ना."

आवाज माझ्या पाठीमागून येत होता. पातेल्यातून.

किंचाळले असते तर शेजारीण धावत आली असती. पण नेम मोडला असता, आणि यांची वाचा? ओठ दाताखाली धरले, मनात नामस्मरण चालू ठेवलं.

"गुदमरतोय गं... उघड."

देवाला मी परत दे म्हटलं होतं. कुठून दे, ते सांगितलं नव्हतं. वरवंटा उतरवला, झाकण सरकवलं. काळ्या पाण्यावर लाकूड तरंगत होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते आडवं झालं आणि सावकाश खाली गेलं. एकच मोठा बुडबुडा वर आला, फुटला.

मागे दार करकरत आपोआप सैल झालं. आणि बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, "उघडलंस ना?"

त्या दिवशी घरात कोण आनंद! सूनबाई रडत रडत म्हणाली, "आई, तुमच्या मौनाला फळ आलं." मीही तेच म्हणते. अजूनही तेच म्हणते.

मासे मात्र यांनी आणू दिले नाहीत. "खरवडतील," म्हणाले. टाकीत पाणी आणि लाकूड, बस्स. एकदा मुलाने टाकी धुवायला ते बाहेर काढलं. हे बोलता बोलता थांबले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी लाकूड हिसकावून पाण्यात सोडलं, तेव्हा वाक्य पुरं झालं. तेव्हापासून टाकीला कोणाला हात लावू देत नाही. गावाला जात नाही, लेकीकडे राहत नाही. पाणी आटलं तर?

काल मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. यांनी हाक मारली, मी ओ दिली, पुन्हा मारली, पुन्हा दिली. बाहेर आले तर हे खुर्चीत अंग आखडून बसलेले, नजर टाकीवर. मला जवळ बोलावलं आणि कानाशी लागून म्हणाले,

"ओ देऊ नकोस गं... मी हाक मारली नव्हती."