पांढरे पडलेले स्फटिक

बुधवार, दिनांक अकरा फेब्रुवारी २००४ रोजी सकाळी, हिंगोली येथील खाजगी तपासनीस माणिकराव कुरुडे यांच्या बैठकीत निलम राठोड नावाची तरुणी आली. तिने खुर्ची नाकारली.

"माझे बापू खरं बोलतात की खोटं, एवढंच मला कळायला हवं," ती म्हणाली.

माणिकरावांचे स्नेही, निवृत्त शिक्षक सोनाजी मास्तर, तेथेच बसले होते. असला प्रश्न घरातल्या घरात सुटावा, असे त्यांना वाटले. परंतु हकीकत ऐकल्यावर त्यांचे मत बदलले.

निलम पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करीत होती. रानतुरीच्या बियांतील एका प्रथिनाचे स्फटिक तिने मोठ्या कष्टाने वाढवले होते आणि हैदराबादच्या क्ष-किरण यंत्रावर त्यांची तपासणी व्हायची होती. वाट थोडी वाकडी करून ती व तिचा सहकारी हरीश शिरड शहापूरजवळच्या तिच्या तांड्यावर उतरले. तिचे वडील वसराम जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात रोजंदारीवर परिचर होते. वळूंच्या वीर्यकांड्या टिकाव्यात म्हणून तेथे कमालीच्या थंड अशा द्रवरूप नत्राचे मोठे भांडे असे. निलमने आपल्या स्फटिकांची काडी त्याच भांड्यात सोडली.

"स्फटिकाला एवढा गारठा कशाला?" मास्तरांनी विचारले.

तिने समजावले. क्ष-किरणांचा मारा स्फटिकाला साध्या हवेत सोसत नाही. गोठवला तर सोसतो. मात्र ज्या थेंबासकट तो गोठवतात, तो थेंब काचेसारखा नितळ हवा. जरा ऊब लागली की आत बर्फ धरतो, थेंब दुधासारखा पांढरा पडतो आणि स्फटिक फुटतो.

काल सकाळी तिचे सारेच थेंब पांढरे निघाले. हरीश तिच्या आधी तेथे पोचला होता. भांडे आटलेले दिसल्यावर शेजारच्या साठ्यातून आपणच ते भरले, असे त्याने सांगितले. वसराम मात्र भांडे आदल्या संध्याकाळी भरल्याचे शपथेवर सांगत होते. आता त्यांची रोजंदारी सुटणार होती.

"आणि तुम्हाला कोणाचं पटतं?" माणिकरावांनी विचारले.

"ते ठरवता आलं असतं, तर इथं आले नसते," निलम म्हणाली.

दुपारी सर्वजण दवाखान्यात पोचले. वसराम गोठ्याच्या उंबऱ्याशी बसले होते. मुलीकडे न पाहता ते माणिकरावांना म्हणाले, "भांडं म्या सोता भरलं, साहेब. ह्या पोराला काल सकाळी कुलूप काढून दिलं अन् शेण काढाया गेलो. लेकीची वस्तू कोरडी ठेवीन व्हय?"

हरीश अदबीने बोलला. झाकण काढले तेव्हा धूर नव्हता, तळाशी थेंबही नव्हता. पण काकांचे वय झाले, विसर पडायचाच, त्यांच्यावर कारवाई होऊ नये, अशी त्याची विनंती होती. मास्तरांना मुलगा फार सुसंस्कृत वाटला.

इतक्यात ग्यानबा नावाचा शेतकरी माजावर आलेली गाय घेऊन आला. "काहून रे वसराम, तोंड पाडून बसलास? लेक पुण्याला शिकून राहिली, अन् तू सुतकात!"

दवाखान्याचे डॉक्टर कावरखे नुकतेच शिबिराहून परतले होते. भांडे आटले होते म्हणजे कांड्याही वाया गेल्या, असे सांगून ते ग्यानबाला परत पाठवू लागले.

"एक कांडी कोमट पाण्यात सोडून तर पाहा," माणिकराव म्हणाले.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक ओढला आणि ते कुरकुरले. बीज पाहायला ते नेहमी मोठे भिंग लावीत. आज कोणीतरी सर्वांत लहान भिंग खाली आणून ठेवले होते. त्यांनी ते बदलले, डोळा लावला, आणि बराच वेळ उचललाच नाही.

"वळवळ उत्तम आहे. ग्यानबा, गाय खोड्यात घाल."

गाईचे काम झाले, याचाच मास्तरांना आनंद झाला.

त्यानंतर माणिकरावांनी सर्वांना डॉक्टरांच्या खोलीत बसवले.

"भांडं एकच," ते म्हणाले. "त्यात वळूच्या कांड्या होत्या आणि निलमचे स्फटिकही. नत्र आटलं असतं, तर दोन्ही नासले असते. बीज जिवंत आहे. म्हणजे भांडं कधीच कोरडं पडलं नव्हतं. मग स्फटिकांनाच ऊब लागली, ती भांड्याबाहेर. ते बाहेर कशासाठी काढले, हे सूक्ष्मदर्शक सांगतो. बीजाला मोठं भिंग लागतं. स्फटिक पाहणारा लहान भिंग लावतो."

"पण वसरामनेच काढले नसतील कशावरून?" मास्तरांनी हरकत घेतली.

"समजा काढले. तरी भांडं भरलेलंच राहिलं असतं, आणि हरीशना ते भरलेलंच दिसलं असतं. कोरडं भांडं पाहिल्याचं एकटे तेच सांगतात. जे नव्हतं ते पाहिल्याचं माणूस तेव्हाच सांगतो, जेव्हा तसं असण्याची गरज त्याला असते."

हरीशने मान खाली घालून सारे सांगितले. त्याचे स्वतःचे स्फटिक वाढत नव्हते. तिचे कसे आहेत ते त्याला एकदा डोळ्यांनी पाहायचे होते. एक सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली धरला, काडी टेबलावरच राहिली, आणि पाहता पाहता सगळे पांढरे पडले.

"घाबरलो," तो म्हणाला. "काकांचं नाव आपोआप तोंडात आलं."

वसरामांची रोजंदारी चालू राहील, असे डॉक्टरांनी तेथल्या तेथे जाहीर केले.

निलम वडिलांच्या पाया पडायला वाकली. वसरामांनी तिला उठवले नाही आणि दूरही सारले नाही.

"त्या पोराचं चुकलं," ते म्हणाले. "तुझंबी चुकलं."