आनंदीबाईंची नळी

बर्फाच्या पेटीतून आलेली रक्ताची नळी कोमट लागली, तर ती चाचणीला घ्यायची नाही, असा परळच्या त्या लॅबचा नियम होता. एचआयव्हीचं औषध चालू असलेल्यांच्या रक्तात विषाणू किती उरलेत, ते तिथे मोजत. मेघना तो विभाग सांभाळायची. आनंदीबाईंची नळी तिने याच नियमाने दोनदा नाकारली होती. शेजारच्या नळ्या गारढोण. हीच तेवढी, दोन्ही वेळा, हातमोज्यातूनही ऊबदार.

नाकारलेल्या आणि चाचणी होऊन गेलेल्या नळ्या लॅबचा मदतनीस वसंत दर गुरुवारी दुपारी पिवळ्या पिशवीत भरून ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेवर उकडायला लावायचा.

तिसऱ्या वेळी तिने बाईंना लालबागहून थेट लॅबमध्येच बोलावलं. आकडा आल्याशिवाय डॉक्टर गोळ्या बदलायचं ठरवणार नव्हते, आणि बाई दिवसेंदिवस खंगत चालल्या होत्या.

"काय गो बाय, माझ्या रक्ताची सोलकढी करतेस की काय?" खुर्चीत टेकत त्या म्हणाल्या. मे महिन्यात त्यांनी स्वेटर घातला होता.

मेघनाने दंडाला पट्टा बांधला. कातडी फरशीसारखी थंड होती.

"कधीपासून असं?"

"दोन गुरवार झाले. दुपारची जेवून पडले होते. अंग असं पेटलं, चुलीवर ठेवल्यासारखं. मग गार पडलं ते पडलंच. पुढच्या गुरवारी परत तेच. गोळी एक चुकवली नाही हां मी."

भरलेली नळी मेघनाने तासभर बर्फात पुरून ठेवली. काढली तेव्हा ती ऊबदारच होती.

नियम बाजूला ठेवून तिने चाचणी लावली. दुपारी निकाल आला. विषाणू मोजण्याइतकेही नव्हते. गोळ्या चोख काम करत होत्या. बाईंचं खंगणं त्या आजाराचं नव्हतं.

वसंत पिशवी घेऊन आला. "मॅडम, आज गुरुवार. ती आनंदीबाईंची टाका यात."

"ती नाही."

"मग फ्रीजरमध्ये?"

"तिथेही नाही."

तिने नळी इन्क्युबेटरमध्ये, माणसाच्या अंगाइतक्या उबेत, सदतीस अंशांवर, उभी केली आणि दार लावलं.

वसंतने पिशवीचं तोंड बांधलं, ती पोटाशी धरून उचलली आणि दोन पावलांवर थबकला.

"मॅडम, जरा हात लावून बघता? आत्ताच सगळ्या फ्रीजमधून काढल्यात."

मेघनाने तळवा टेकवला.

पिशवी अख्खी ऊबदार होती.

पलीकडच्या खोलीत ऑटोक्लेव्ह तापून तयार होता.